एकदा की ओळीनं?

मिरजेला बाहेरगावची माणसं पूर्वीपासून दोन कामांसाठी येतात. एक, दुखणं दाखवायला. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकातल्या पेशंटनाही मिरजेची वाट पाठ आहे. दुसरं काम तंबोरा नाहीतर सतार घ्यायचं. म्हणजे गावाचा धंदा म्हटला तर ऐकण्याचाच. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात, सतारमेकर भोपळ्याला कान लावून ऐकतात. आमच्या गल्लीतले तात्या या दोन्ही घराण्यांच्या मधले. ते गाड्या ऐकतात.

तात्यांकडे स्वतःची गाडी नाही. कधी नव्हती. लायसन्सही नाही. एक सायकल आहे, ती इतकी गुपचूप चालते की ते मागून आले की माणूस दचकतो. तिची घंटी त्यांनीच काढून टाकली. का, तर खड्ड्यातून जाताना ती आपली आपण किणकिणायची. ‘‘आपण वाजवल्याबिगर जी वाजती ती घंटी न्हवं, बिघाड,’’ असं त्यांचं मत.

नोकरी रेल्वेत झाली, कॅरेज अँड वॅगन खात्यात. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ होते. आपल्याला या तिन्हींची चाकं नुसत्या आवाजावरून ओळखता यायची, असा तात्यांचा दावा आहे. आता नॅरोगेजच उरलं नाही, त्यामुळे तो तपासता येत नाही. गाडी फलाटाला लागत असताना हे रुळाच्या कडेला उकिडवे बसायचे आणि समोरून जाणारं एकेक चाक ऐकायचे. चाक एका जागी घासून चपटं झालेलं असेल तर दर फेऱ्याला एकदा ‘धप्’ होतं. गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन निघायचं आणि चाकांवर टोले देत जायचं. चांगलं चाक खणकन बोलतं. तडकलेलं असेल तर बद्द. बायका कुंभाराकडून माठ घेताना बोटानं वाजवून बघतात, तेच शास्त्र. फरक एवढाच, की माठ फुटला तर ओटा भिजतो.

निवृत्त झाल्यावर हातोडा खात्यात जमा करावा लागला. कान घरी आले.

तेव्हापासून तात्या संध्याकाळी गल्लीच्या वळणावरच्या कट्ट्यावर बसतात. जागा नेमकी आहे. तिथं आधी स्पीडब्रेकर आणि लगेच काटकोनातलं वळण. गाडीला जे काही बोलायचं असतं ते ती त्या दहा फुटांत बोलून टाकते. कोणाच्या गाडीचे ब्रेकपॅड संपले, कोणाचा सायलेन्सर सुटलाय, कोणी बेअरिंगकडे काणाडोळा केलाय, याची गल्लीत पहिली बातमी त्यांना असते, गाडीच्या मालकाला नंतर. काकूंचं म्हणणं वेगळं आहे. स्वयंपाकघरातून त्यांनी तीन हाका मारल्या तरी ह्याच माणसाला ऐकू येत नाहीत. तात्यांना विचारलं तर म्हणतात, ‘‘तो नेहमीचा आवाज हाय. बदलला तर लक्ष देतो की.’’

माझी गाडी अकरा वर्षांची, छोटी हॅचबॅक. गेल्या पावसाळ्यानंतर ती वळताना वाजायला लागली. मी ती एका गॅरेजात नेली (सांगली-मिरज रस्त्यावर गॅरेजं बरीच आहेत, त्यातलं एक समजा) आणि म्हणालो, ‘‘वळताना आवाज येतोय.’’ त्यांनी पुढच्या दोन्ही लिंक रॉड बदलल्या. आवाज गेला नाही. मग लोअर आर्मचे बुश बदलले. आवाज थोडा बदलल्यासारखा वाटला, पण तो मी साडेतीन हजार रुपये भरल्यानंतर ऐकत होतो, त्यामुळे माझ्या कानाची साक्ष ग्राह्य धरू नये. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, ‘‘आता स्टीअरिंगचा रॅक बदलून बघू.’’ या ‘बदलून बघू’मधलं बदलणं आपल्या खर्चानं असतं आणि बघणं त्यांचं.

मी गाडी तशीच घेऊन परतलो. वळणावर तात्यांनी हात आडवा केला.

‘‘काय झालंय?’’

‘‘आवाज येतोय.’’

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला उगाचच खाली उतरावंसं वाटलं.

‘‘सर, तुम्ही हायस्कूलला मराठी शिकवता न्हवं?’’

‘‘हो.’’

‘‘मग आवाज येतोय म्हंजे काय? डॉक्टरकडं जाऊन ‘दुखतंय’ म्हणून गप बसता व्हय? खडखड हाय, खुडखुड हाय, कटकट हाय, का करकर?’’

मी म्हणालो, खडखड.

‘‘खडखड पत्र्याची आस्ती. सैल पत्रा, सैल नंबरप्लेट. खुडखुड म्हंजे आत काय तरी बारीक हलतंय. करकर रबराची, कोरडा बुश करकरतो. कुरकुर स्प्रिंगची. घूंऽऽ असं गुणगुणतंय ते बेअरिंग. आनि कट् म्हंजे लोखंडावर लोखंड. आता सांगा.’’

मी डोळे मिटून आठवून पाहिलं आणि म्हणालो, ‘‘कट्.’’

‘‘एकदा की ओळीनं?’’

हा प्रश्न तात्या प्रत्येकाला विचारतात. आवाज वळणावर एकदाच होऊन गप्प बसतो, की चाक फिरेल तसा ओळीनं येत राहतो? एकदाच येणारा म्हणजे काहीतरी जागेवरून सरकतंय. गाडीचं वजन एका अंगावर गेलं की ते सरकलं, परत आलं की पुन्हा सरकलं. ओळीनं येणारा म्हणजे काहीतरी फिरता फिरता ठेच खातंय. त्यापुढचे प्रश्न: डावीकडं वळताना की उजवीकडं? ॲक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर? गाडी उभी ठेवून नुसतं स्टीअरिंग फिरवलं तर? सकाळी गार असताना जास्त, की तापल्यावर? काच उघडी होती की बंद? रेडिओ?

यातल्या एकाचंही उत्तर मला देता येईना. महिनाभर मी तो आवाज ऐकत होतो असा माझा समज होता. मी नुसता वैतागत होतो.

‘‘आधी डिकी रिकामी करा,’’ तात्या म्हणाले.

हा त्यांचा पहिला नियम आहे आणि त्यामागे एक जुनी जखम आहे. एकदा त्यांनी एका वकिलाच्या गाडीचा शॉकअप गेल्याचं निदान केलं, तो उतरवायला लावला, आणि शेवटी डिकीत तुळजापूरहून आणलेला नारळ सापडला. गल्ली ते विसरलेली नाही. तात्या तर नाहीच नाही.

भर रस्त्यात माझी डिकी रिकामी होऊ लागली. स्टेपनी निघाली, तिचा नट ढिला होता तो तात्यांनी नजरेनंच नोंदवला. जॅक आणि टॉमी मोकळेच पडले होते. एक छत्री. बायकोनं दोन वर्षं शोधलेला पोळ्यांचा डबा. आणि सगळ्यात खाली, तरटाच्या चटईत गुंडाळलेला, नववीच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा. तो हरवला म्हणून त्या तुकडीला मी अंदाजानं गुण दिले होते. गठ्ठा पाहून मी ज्या चपळाईनं पुढं झालो ती कमी पडली. तात्या वरची उत्तरपत्रिका उघडून वाचत होते.

‘‘ध्वनिदर्शक शब्द लिहा. पानांची सळसळ. विजांचा कडकडाट. पैंजणांची छुमछुम,’’ त्यांनी मोठ्यानं वाचलं. ‘‘बरोबर हाय की सगळं. पैंजणाचा बिघाड कळतो पोरांस्नी. चाकाचा का न्हाई इचारत?’’

मी म्हणालो, पुस्तकात नाही. गठ्ठा पुढच्या सीटखाली ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो. ही परीक्षा मोकळ्या जागेतच करायची असते. स्टीअरिंग शेवटपर्यंत एका बाजूला वळवायचं, पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूहळू गोल फिरवायची आणि मधून मधून ॲक्सिलरेटर दाबायचा. मग तेच दुसऱ्या बाजूला. तात्या त्या वर्तुळाच्या मधोमध उभे राहिले, डोळे मिटून, एका हाताची बोटं मांडीवर ताल धरत. मी त्यांच्याभोवती घिरट्या घालत होतो. प्रार्थनेला जमू लागलेली पोरं ते दृश्य पाहत होती. माझी जी काही इज्जत होती ती त्या सकाळी उजव्या वर्तुळात गेली. डाव्या वर्तुळात आवाज बेताचाच होता. उजवीकडं वळवून पाय दाबला की ‘टक-टक-टक-टक’. वेग वाढवला की टकटक जलद, कमी केला की संथ. एवढं आता मलाही ऐकू आलं, आणि मला बोर्डात आल्यासारखा आनंद झाला.

तात्यांनी डोळे उघडले. ‘‘डाव्या चाकाचा बाहेरचा सांधा. आनि दुसरा एक कट् हाय, वळायला घेतल्यावर एकदाच. दोन आजार हायती.’’

‘‘पण वाजतंय तर उजवीकडं वळताना!’’

‘‘म्हणूनच डावा. उजवीकडं वळली की गाडी डाव्या अंगावर कलती. वजन डाव्यावर. वजनाखालीच सांधा वरडतो.’’

उजवीकडं वळलं की डावे ओरडतात. इतकी वर्षं वर्तमानपत्र वाचून हे मला आधीच सुचायला हवं होतं.

तिथून आम्ही मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे कडुनिंबाखाली एक पत्रा, एक खड्डा आणि पान्यांची एक पेटी. त्याचा मुलगा माझ्याच वर्गात नववीत आहे. शाळेत शेवटच्या बाकावर असतो, इथं पाने देतो. बाप हात पुढं करतो आणि पोरगं न विचारता १७ नंबर ठेवतं, कधी १४. वर्गात त्याला अनुस्वार कुठं द्यायचा हे सात वेळा सांगावं लागतं. मिस्त्रीचं आणि तात्यांचं नातं जुनं आहे. त्यात प्रेम आहे, पण ते भांडणातून दिसतं.

‘‘उजवा असणार,’’ मिस्त्री गाडीत बसून एक चक्कर मारून आला. ‘‘उजवीकडं वळलं की उजवं चाक आत जास्त मुडतं. जास्त मुडलं तो सांधा वाजणार.’’

‘‘तू ड्रायव्हरच्या जागी बसलास. उजव्या कानाशी उजवं चाक. जवळचं मोठं ऐकू आलं तुला.’’

‘‘तात्या, कान तुमचा, पाना माझा.’’

‘‘मग पाना लाव आनि बघ.’’

गाडी जॅकवर चढली. मिस्त्रीनं आधी चाक वरखाली धरून हलवलं. ढिलं निघालं तर बॉल जॉइंट. मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. ते टाय रॉडसाठी. दोन्हीकडं चाक घट्ट. मग त्यानं स्टीअरिंग वळवून चाकाच्या मागं टॉर्च मारला आणि काही न बोलता बाजूला झाला. डाव्या चाकामागं एक्सलच्या टोकाला रबराची घड्याघड्यांची टोपी असते, ती फाटली होती. आतलं काळं ग्रीस चाकाच्या फिरण्यानं उडून रिमच्या आतल्या अंगावर गोल गोल रांगोळी घातल्यासारखं बसलं होतं. उजवीकडची टोपी शाबूत, कोरडी.

तात्या एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त चहा सांगितला, आणि मिस्त्रीच्या खात्यावर.

पुढं जे झालं ते मी खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून पाहिलं, आणि मला वाटतं ते सांगण्यासारखं आहे. आपण अकरा वर्षं ज्याच्यावर बसून हिंडतो ते काय आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जुन्या ॲम्बॅसडर आणि फियाट मागच्या चाकांच्या जोरावर चालायच्या. पुढची चाकं फक्त वळायची. मग १९८३च्या डिसेंबरात मारुती आली आणि तिची पुढची चाकंच गाडी ओढायला लागली. म्हणजे एकाच चाकानं जोरही घ्यायचा आणि वळायचंही. तात्यांच्या भाषेत, ‘‘पयल्यांदा ढकलत न्यायचे, आता मुसकी धरून वढत नेत्यात. मग मानंत कळ येणारच.’’ ती मान म्हणजे हा सांधा. साधा क्रॉसचा सांधा वाकवून फिरवला तर एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं रेंगाळतो आणि हातातलं स्टीअरिंग थरथरतं. म्हणून १९२०च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा नावाच्या इंजिनिअरनं एका वाटीत सहा पोलादी गोळ्या बसवल्या. प्रत्येक गोळी आपापल्या खाचेत पुढंमागं सरकते, त्यामुळे सांधा कितीही वाकला तरी दोन्हीकडची गती एकसारखी राहते. या माणसाच्या आडनावाचा खरा उच्चार मला झेपला नाही, पण त्याचा सांधा जगभर गाड्यांना झेपतोय. त्याला एकच गोष्ट सोसत नाही. टोपी फाटून ग्रीस गेलं आणि पावसाचं पाणी-माती आत शिरली की खाचांना खड्डे पडतात. सरळ रस्त्यावर गोळ्या जागच्या जागी असतात, म्हणून गप्प. वळवलं की त्या खाचेत लांबवर ये-जा करतात, आणि दर खड्ड्याला टक.

मिस्त्रीनं चाक जमिनीवर असतानाच एक्सलचा मोठा नट सैल केला होता. त्याचा कान ठोकून आत दाबलेला असतो, तो आधी छिन्नीनं उचलावा लागतो. मग बॉल जॉइंट सोडवला, आख्खा हब बाजूला ओढला, एक्सल बाहेर काढला. जुना सांधा पितळी ड्रिफ्ट लावून हातोड्यानं ठोकला, तेव्हा तो आतल्या रिंगेवरून सुटून तीन ठोक्यांत निघाला. नव्यात मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस बोटानं दाबून दाबून भरलं, नवी टोपी, नव्या पट्ट्या. नटही नवाच. ‘‘जुना नट लावणारे आहेत,’’ मिस्त्री म्हणाला, ‘‘पण ते नंतर गाडीत बसत नाहीत.’’

चक्कर मारली. टकटक गेली. मी पाकीट काढलं.

‘‘थांबा,’’ तात्या म्हणाले. ‘‘दुसरा राहिलाय.’’

आणि खरंच, वळायला घेतलं की एक बारीक ‘कट्’, सरळ करताना आणखी एक. टकटकीच्या गलक्यात तो मला कधी ऐकूच आला नव्हता. मिस्त्री म्हणाला, स्ट्रटच्या वरचं माउंटिंग असेल. त्यानं स्प्रिंगवर पंजा ठेवला आणि पोराला उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवायला लावलं. माउंटिंगचं बेअरिंग अडकत असतं तर स्प्रिंग पिळून एकदम सुटल्यासारखी हाताला झटका देते. झटका आला नाही. मग रॅक असेल. मी मनातल्या मनात त्या सांगली रस्त्याच्या गॅरेजाची माफी मागायला सुरुवात केली.

तात्यांनी पेटीतून एक लहान हातोडी उचलली, धोतर खोचलं आणि खड्ड्यात उतरले. सत्तरी पार केलेला माणूस. वरून मिस्त्री ‘तात्या, तात्या’ करत होता. खालून ठोक्यांचा आवाज येऊ लागला. प्रत्येक नटाच्या एका बाजूला बोट, दुसऱ्या बाजूला हलका टोला. टण्. टण्. टण्. टण्. मग बद्द.

वर शांतता.

पुन्हा बद्द. ‘‘पोरा, चौदाचा दे.’’

डाव्या लिंक रॉडचा खालचा नट. नवाकोरा, चकचकीत, साडेतीन हजारांतला. तो हातानं फिरवून लावला होता, पाना लावायचा कोणीतरी विसरलं होतं. वळताना गाडी कलली की रॉड आपल्या भोकात सरकायचा, कट्. म्हणजे एक आवाज काढायला गेलो तिथं दुसरा बसवून घेतला, पावतीसकट. मिस्त्रीनं खाली उतरून नव्या बुशचे नटही बघितले आणि कपाळावर हात मारला. ते गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळले होते. गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे असतात, नाहीतर रबर जन्मभर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानं ते सगळे ढिले करून पुन्हा आवळले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ‘‘ते पाप माझं न्हाई, पुण्य तरी घेतो,’’ म्हणाला.

तात्यांनी पैसे कधीच घेतले नाहीत. फक्त निकामी सुटा भाग मागून नेतात. त्यांच्या माडीवर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांची फळी आहे आणि प्रत्येक डब्यावर चिकटवलेल्या कागदावर भागाचं नाव नाही, आवाजाचं आहे. ‘करकर, थंडीत.’ ‘घूं, साठच्या पुढं.’ ‘धप्, मागं, माणसं बसल्यावर.’ माझ्या गाडीच्या डब्यावर त्यांनी बॉलपेननं लिहिलं: ‘टक, ओळीनं, उजवं वळण, दाबल्यावर.’ सहा गोळ्यांपैकी एक त्यांनी मला फरशीवर घरंगळवून दाखवली. ती जाताना किंचित अडखळत होती. ‘‘लंगडती बगा,’’ ते म्हणाले. तेवढ्यात खालून काकूंची हाक आली. तात्यांना ती ऐकू आली नाही.

दिवाळीनंतरच्या घटक चाचणीत मी ध्वनिदर्शक शब्दांच्या प्रश्नात एक ओळ वाढवली: ‘वळताना गाडीच्या चाकाचा — ’. दोन्ही तुकड्यांतल्या बहुतेक पोरांनी ‘खडखडाट’ लिहिलं. दोघांनी ‘किंचाळणे’. मुख्याध्यापकांनी नमुना उत्तर काय धरलंय म्हणून चिठ्ठी पाठवली, ती अजून माझ्या खिशात आहे.

मिस्त्रीच्या पोरानं जागा कोरी सोडली होती. बाजूला समासात पेन्सिलीनं, अनुस्वार न देता, लिहिलं होतं: ‘सर, एकदा की ओळीन ते प्रश्नात दिलेल नाही.’